पुढचं पान कोणाकडे?

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून मी मास्तर. ज्याला हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं. मामा सकाळपासून हसतोच आहे.

"कुकर," तो म्हणाला (घरात मला याच नावानं हाक मारतात), "मुलं आहेत ती, प्राध्यापक नाहीत. शिट्टी मारायची नाही."

कॉलेज सोडल्यापासून हे असलं रोज ऐकतोय. सरांनी सगळ्यांदेखत माझी प्रयोगवही खिडकीबाहेर भिरकावली, म्हणून मी त्यांचं हजेरीपुस्तक भिरकावलं, एवढंच घडलं होतं. त्याच पावली बाहेर पडलो तो पडलोच.

मामाचं चष्म्यांचं दुकान आहे आणि तो मशिदीच्या कमिटीचा चिटणीस आहे. मशिदीच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी मकतब भरतो. शाळा सुटली की लहान मुलं दप्तरासकट तिथं येतात आणि अरबी अक्षरं, दुआ, नमाज शिकतात. त्यात आता अर्धा तास नवा आलाय, वाचनाचा. आपल्या भाषेतल्या पैगंबरांच्या गोष्टी मुलांनी स्वतः वाचायच्या, कुणी वाचून दाखवायच्या नाहीत. कल्पना तिची.

ती म्हणजे तिथली छोट्या गटाची शिक्षिका. सगळे तिला आपा म्हणतात. मी काहीच म्हणत नाही. आपा म्हणजे मोठी बहीण, आणि मी काय वेडा आहे का?

तिला स्वतःचा गट सोडून हा तास घेता येत नाही, म्हणून माणूस हवा होता. तिनं मामाला सांगितलं, मामानं मला सांगितलं, आणि मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो. तिनं माझं नाव घेतलं नव्हतं हे खरं. पण विचारलं तर मलाच ना?

एक गोम आहे. तास पालकसभेपर्यंतच मंजूर झालाय. सभा १६ फेब्रुवारीला. त्या दिवशी कमिटीला पटलं तर पुढे चालणार, नाहीतर बंद. अध्यक्षांनी तसं तोंडावर सांगितलंय. त्यांची लाकडाची वखार आहे आणि बोलणंही करवतीसारखं. तास बंद झाला तर मी बंद, आणि रोज संध्याकाळी तो जिना चढायचं कारणही बंद.

पहिला दिवस कसा गेला? मुलं अरबी पठण करतात तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात, इतका दम आहे गळ्यांत. हातात गोष्टीचं पुस्तक दिलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे चेहरे. एकानं अर्ध्या तासात वेळ इतक्यांदा विचारली की त्याचं नाव मी घड्याळ ठेवलं.

बुधवार, ८ जानेवारी

डोकं फिरलंय. पुस्तकं कुठं ठेवली असतील? काचेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, कुलपात. किल्ली उस्तादांच्या कमरेला. उस्ताद म्हणजे इथले मुख्य शिक्षक. माझ्या मामालाही त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे त्यांच्यासमोर मामाची बोलती बंद.

मी म्हटलं, "उस्ताद, पुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशी खाली ठेवूया."

ते म्हणाले, "आधी हात."

"म्हणजे?"

"धुतलेत का?"

मग सगळा वर्ग खाली नळावर. तिथं पाणी उडवणं, बाह्या भिजवणं, "सर, यानं माझ्यावर चूळ टाकली" वगैरे. वर येईपर्यंत निम्मा वेळ संपला. मी उस्तादांना म्हटलं, ही गोष्टींची पुस्तकं आहेत, त्यांना नमाजेआधी करतात तसा वजू कशाला? ते म्हणाले, "गोष्ट कुणाची आहे?" आणि दाढीवरून हात फिरवत निघून गेले. असला माणूस बोलतो कमी आणि चिडवतो जास्त. त्यांना हा तास नकोच आहे, मला पक्कं ठाऊक आहे.

जिन्यात ती भेटली. मी सगळं ओकलो. ती म्हणाली, "अरे, हात धुऊन आली की ती पुस्तक कशी धरतात ते बघितलंस का तू?"

तू! मकतबातल्या शिपायालासुद्धा ती अहो-जाहो करते. तू फक्त मला म्हणते आणि तिच्या धाकट्या भावाला, जो तिला सायकलवर घ्यायला येतो. म्हणजे अगदी जवळच्यांनाच.

मुलं पुस्तक कसं धरतात हे मात्र बघायचं राहिलं.

मंगळवार, १४ जानेवारी

मामाकडून अक्कल घेतली. तो म्हणाला, "कमिटीला गोष्टी नको, आकडा लागतो. पालकसभेत उभं राहून सांग, आमच्या मुलांनी इतकी पुस्तकं संपवली. वखारवाले गप्प बसतील."

म्हणून आज भिंतीवर मोठा कागद चिकटवला. एक पुस्तक संपलं की एक चांदणी. पूर्ण वर्गाचा मिळून एकच तक्ता, म्हणजे भांडणं नकोत. मुलांनी विचारलं, "सर, खतम केलं की चांदणी?" मी म्हटलं, "खतम केलं की चांदणी."

डोळे चमकले. वकील लगेच उभा राहिला. हा एक दहा वर्षांचा नग आहे, प्रत्येक वाक्याला त्याची हरकत असते. "सर, कसंही केलं तरी चालेल ना? फक्त पूर्ण व्हायला पाहिजे?"

"चालेल."

"एकही पान राहता कामा नये?"

"एकही नाही. बस आता खाली."

शुक्रवार, १७ जानेवारी

चांदण्याच चांदण्या! काल चार, आज सहा. डिंकाची बाटली संपत आली. मुलं गोल करून बसतात, पुस्तक मध्ये, दोन मिनिटं एकच गलका आणि "सर, खतम!" मी दारात उभा राहून चांदण्या कापतो. माझ्या हातात काहीतरी आहे, हे मला आधीपासून वाटत होतंच. कॉलेजवाल्यांनी येऊन बघावं.

ती तक्त्यासमोर बराच वेळ उभी होती. "इतक्या लवकर?" म्हणाली. आवाजात कौतुक होतं, जरा आश्चर्यही.

मी खांदे उडवले, म्हणजे असं की यात काय एवढं.

सोमवार, २० जानेवारी

ती आज म्हणाली, "कॉलेजचं काय केलंस? बाहेरून परीक्षा देता येते. माझ्या मैत्रिणीनं दिली. राहिलेली दोन वर्षं अशीच सोडू नकोस."

मी विचारलं, "तुम्हाला का एवढी काळजी?"

"का म्हणजे? उद्या तुला कुणी पक्की नोकरी देताना डिग्री विचारणारच ना."

उद्या. पक्की नोकरी. घरातल्या मोठ्या माणसांपुढे विषय काढायचा तर मुलगी आधी याच गोष्टीचा विचार करणार. मी अम्मीला संध्याकाळी सहज विचारलं की पदवीधर जावई लोकांना का लागतो. अम्मी पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "तू आधी पदवीधर मुलगा हो, जावयाचं मग बघू."

बुधवार, २२ जानेवारी

नाक कापलं गेलं, सगळ्यांसमोर.

अध्यक्ष आज न सांगता वर आले. बरोबर मामा. तक्त्यावरच्या चांदण्या मोजल्या, भुवया वर गेल्या. मामानं मला मागून अंगठा दाखवला. मी फुगलो होतो. म्हटलं, विचारा, कोणालाही काहीही विचारा.

त्यांनी घड्याळाला उभं केलं. "विहिरीची गोष्ट वाचलीस?"

"हो. खतम केली."

"मग सांग, त्या भावांनी आपल्या धाकट्या भावाला विहिरीत का टाकलं?"

घड्याळ म्हणाला, "ते मला माहीत नाही. माझ्याकडे नऊ नंबरचं पान होतं. त्यात राजाला स्वप्न पडतं."

"कुठल्या राजाला?"

"ते आठ नंबरवाल्याला माहीत असेल."

आठ नंबरवाला म्हणाला, त्याच्या पानावर तुरुंग आहे, राजा नाही. आणखी एका मुलीच्या पानावर नुसता सदरा. मुंगी, म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात छोटी मुलगी, हळूच म्हणाली, "माझ्याकडे विहीर आहे. ते आत आहेत."

मला काही कळेना. मग वकील उठला आणि कोर्टात उभा असल्यासारखा बोलला. "सर, आम्ही बरोबरच केलंय. माझे दादाजी वारले तेव्हा घरी तीस जण बसले, प्रत्येकाला कुराणाचा एकेक पारा दिला, सगळ्यांनी एकाच वेळी वाचलं आणि एका बैठकीत अख्खा कलाम पाक खतम झाला. तसंच आम्ही पानं वाटून घेतली. एकही पान सोडलं नाही. तुम्हीच म्हणाला होता, कसंही चालेल."

सगळी मुलं मान डोलवत होती. त्यांच्या दृष्टीनं ते पुण्याचं काम. इतक्या चांदण्या, आणि एकाही पोराला एकही गोष्ट ठाऊक नाही!

अध्यक्ष हसले. ते हसणं मला लागलं. मी तक्ता भिंतीवरून ओढून फाडला, चुरगाळला, "गाढवं आहात सगळी, फसवता मला?" असं आणखी बरंच ओरडलो. मुंगी रडायला लागली.

वखारवाले म्हणाले, "ठीक आहे. पालकसभेपर्यंत ठेवा, शब्द दिलाय. नंतर हा वेळ उच्चाराच्या सरावाला देऊ. त्यात निदान कळतं तरी पोराला येतंय की नाही."

मामा जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाजली शिट्टी."

गुरुवार, २३ जानेवारी

गेलो नाही. जाणारही नाही. अम्मी म्हणाली, "कॉलेज सोडलंस, आता चिल्ल्यापिल्ल्यांनाही घाबरून घरी बसलास?" मी ताट सरकवून उठलो.

मग मामाच्या फोनवर तिचा फोन. मामानं फोन माझ्या हातात दिला आणि चष्मा पुसत तिथंच उभा राहिला. मेला.

ती म्हणाली, "तक्ता फाडलास ते बरं झालं. मुलांवर का ओरडलास?"

"त्यांनी फसवलं."

"कुणी फसवलं नाही. घरात जे बघितलं तेच त्यांनी केलं, आणि मनापासून केलं. तू विचारलंस का एकदा तरी, पुस्तकात काय आहे म्हणून?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं असेल मी रुसलोय.

"परत ये. मुंगी सगळ्यांना एकच विचारत फिरतेय, विहिरीत पाणी होतं का. मी सांगितलेलं नाही. ते तुझं काम आहे."

एवढ्या सगळ्यात मला एकच शब्द नीट ऐकू आला. ये.

सोमवार, २७ जानेवारी

गेलो. शिस्त नावाची गोष्ट तिथं शिल्लक नाही.

वर पाऊल टाकतो तोच मुंगी पुढ्यात. "सर, पाणी होतं?"

मी म्हटलं, "तुझ्या पानावर काय लिहिलंय?"

"माझ्या पानावर टाकलं एवढंच आहे. नंतर पान संपतं."

"मग सहावं पान कुणाकडे होतं?"

सगळे एका मुलाकडे वळले. तो म्हणाला, "मी वाचलं होतं, पण विसरलो." मग जो काय गोंधळ उडाला! "विसरलास कसा? ते आत आहेत अजून!" "आठव ना!" घड्याळ तर त्याला ढकलायलाच निघाला. वकील म्हणाला, "सर, सहा नंबरला पुन्हा वाचायचा हुकूम द्या." मी म्हटलं हुकूम नाही आणि काही नाही, आधी खाली बसा. कोण ऐकतंय? धावत जाऊन हात धुऊन आले, कपाटापाशी रांग लावली. सहा नंबरनं पान उघडलं आणि अडखळत, बोट फिरवत वाचलं. व्यापाऱ्यांचा तांडा आला, पाणी काढायला बादली सोडली, आणि बादलीला धरून ते वर आले.

मुंगीनं इतका मोठा श्वास सोडला की शेजारची हसली. लगेच दुसरी म्हणाली, "पण घरी तर रक्त लावलेला सदरा नेऊन दाखवला होता! माझ्या पानावर आहे! त्यांच्या अब्बांना खरं वाटलं असेल!" "थांब, आधी माझं." "तुझं नंतर येतं." एकाच वेळी सगळे आपापलं पान घेऊन तुटून पडलेले. मी टेबलावर हात आपटला, दुखला, उपयोग शून्य.

गलका ऐकून उस्ताद दारात आले. झालं, म्हटलं, आता माझी हजेरी. ते काठी टेकत आत आले, गालिच्यावर बसले आणि त्या सहा नंबरला म्हणाले, "मग, पाणी होतं की नव्हतं?"

"बादली टाकली म्हणजे असणार, उस्ताद."

"पण बुडाले नाहीत."

"नाही. पुन्हा वाचून बघू?"

"बघ."

माझी परीक्षा घ्यायला आले होते, दुसरं काय. अर्धा तास संपून गेला, अजान झाली, तरी गोष्ट अर्धवटच. खाली आया ताटकळत उभ्या आणि मुलं जिन्यात भांडतायत की तुरुंगात आधी गेले की स्वप्न आधी पडलं. हा काय वर्ग म्हणायचा?

बुधवार, २९ जानेवारी

आज शिस्त आणली. पानं वाटायची नाहीत असं बजावून सांगितलं. प्रत्येकानं एक पुस्तक घ्यायचं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मनातल्या मनात. जगात वाचन असंच करतात.

वर्गात चिडीचूप. पंख्याचा आवाज येत होता. दहा मिनिटांत दोघं पेंगले. घड्याळानं वेळ विचारायला सुरुवात केली, जी त्यानं सोमवारी एकदाही विचारली नव्हती. मुंगी एकाच पानावर बसून होती.

तिनं दारातून डोकावलं, पेंगणाऱ्या दोघांकडे बघितलं आणि परत गेली. मला ते झोंबलं. तास झाल्यावर म्हटलं, "काय चुकलं माझं? सांगा ना."

ती म्हणाली, "मला विचारू नकोस. मी इथं कायम असणार आहे का?" आणि हसली.

मीच वेडा. ती असं बोलते तेव्हा मला वाटतं, ती मला आजमावतेय.

शनिवार, १ फेब्रुवारी

रंगेहाथ पकडले. तास संपल्यावर कपाटाची किल्ली उस्तादांना परत द्यायला मागं फिरलो तर जिन्यात, चपलांच्या फळीमागे, सगळी टोळी. मध्ये माशाच्या गोष्टीचं पुस्तक. वकील पानं वाटत होता, "तुझं चार, तुझं पाच. आणि कोणी दुसऱ्याचं पान आधी बघायचं नाही, मजा जाते."

मला बघून सगळे उभे. मुंगीनं पुस्तक छातीशी घट्ट धरलं. ते खाली टेकलं नव्हतं, हात ओले होते.

मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण घड्याळ म्हणाला, "सर, घरी जायची वेळ झालीय ते माहीत आहे. फक्त जहाजापर्यंत."

आता या मुलाला घरी जायचं नाही, याचं मी काय करू? म्हटलं, "करा मग, तुमचंच खरं. पण वर बसून करा, इथं चपलांचा वास येतो."

हरलो, असं वाटतंय. घरी येऊन अम्मीवर खेकसलो. तिनं माझ्यासमोर गरम भाकरी ठेवली आणि म्हणाली, "खेकसून झालं की खा."

बुधवार, ५ फेब्रुवारी

नवी पद्धत म्हणे. माझी नव्हे, त्यांची. पानं वाटायची, घरी नेता येत नाहीत म्हणून प्रत्येकानं आपलं पान इतक्यांदा वाचायचं की न अडखळता वाचून दाखवता येईल. मग क्रमानं एकेक उठणार. जो अडखळला त्याच्याकडे सगळे असे बघतात की बिचारा पान वहीत उतरवून नेतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत सराव करून येतो. एकाची आई मला खाली गाठून म्हणाली, "काय हो, तुम्ही माशाचं काय लावलंय? रात्रभर विचारतो, पोटात श्वास कसा घेतला असेल." मी माफी मागितली. ती का हसली कळलं नाही.

मला सगळ्यात राग येतो तो म्हणजे मला काही कामच उरलं नाही. मी नुसता मध्ये बसतो. एखादा शब्द अडला की सगळे माझ्याकडे वळतात, तेवढंच.

ती आज म्हणाली, "एक विचारू? सगळे मला आपा म्हणतात. तू काहीच म्हणत नाहीस. मला लांबून बोलवायची वेळ आली तर काय करशील?"

मी म्हटलं, "जवळ येऊन बोलेन."

ती जोरात हसली. तिच्या भावालाही सायकलवर बसता बसता सांगितलं, तोही हसला. घरच्यांपर्यंत गोष्ट पोचली म्हणजे.

सोमवार, १० फेब्रुवारी

सभेची तयारी. मला भाषण करायचं होतं, वाचनाचे फायदे वगैरे, चांगलं पाठ केलं होतं. ती म्हणाली, "भाषण नको. मुलांना पानं वाचू दे."

"आणि मी?"

"तू बस ना त्यांच्यात. तुला बघून त्यांना धीर येतो."

मला बघून! ज्यांना मी गाढवं म्हणालो ती मुलं!

मामाला विचारलं, कमिटीचं वारं कसं आहे. म्हणाला, वखारवाले हटत नाहीत, आणि उस्ताद बैठकीत गप्प बसतात. बघितलंत? आतून विरोध.

मग जाता जाता ती म्हणाली, "सभा झाली की थांब. तुला एक सांगायचंय, इतर कुणाकडून कळायच्या आत."

निळा शर्ट इस्त्रीला दिलाय.

रविवार, १६ फेब्रुवारी

सगळं लिहितो, क्रमानं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

हॉल भरला होता. बाप मंडळी पुढे खुर्च्यांवर, आया मागे, अध्यक्ष मधोमध, हातात घड्याळ. आधीची भाषणं लांबली. आमचा नंबर आला तेव्हा अजानला थोडाच वेळ उरलेला. मी चिडून मामाकडे बघितलं, त्यानं हात जोडले.

मुलं ओळीत उभी राहिली. पहिलं पान वकील. मग जहाज, मग वादळ. कुणाला समुद्रात टाकायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्याचं पान घड्याळाकडे, "तीनदा टाकल्या, तीनही वेळा त्यांचंच नाव" हे त्यानं असं वाचलं की पुढच्या रांगेतला एक बाप खुर्चीच्या टोकाशी आला. मग मुंगी. ती पुस्तकापेक्षा थोडीच उंच दिसत होती. "आणि माशानं त्यांना गिळलं," तिनं वाचलं. "आत काळोख होता. रात्रीचा काळोख, समुद्राचा काळोख आणि माशाच्या पोटाचा काळोख."

आणि अजान झाली.

अध्यक्ष उठले. "वेळ झाली. बस करा." संपलं. सगळे नमाजेला खाली. मुलं पुस्तक हातात धरून तशीच. सहा नंबरच्या डोळ्यांत पाणी, कारण पुढचं पान त्याच्याकडे होतं आणि या वेळी त्याला प्रत्येक शब्द येत होता. नमाजेनंतर लोक घरी जातात, कोण परत जिना चढतंय? मी खाली जाऊन रांगेत उभा राहिलो, पण मनात नुसतं जळत होतं.

नमाज झाली. मी चपला शोधत होतो, तर लोक दाराकडे न जाता जिन्याकडे. आणि दुसरं कुणी नाही, वखारवाले स्वतः सगळ्यांत पुढे. वर जाऊन खुर्चीत बसले, रुमालानं तोंड पुसलं आणि करवतीच्या आवाजात म्हणाले, "माशाच्या पोटात सोडून गेलो होतो आपण. पुढचं पान कोणाकडे?"

सहा नंबरनं वाचलं. एकदाही अडखळला नाही.

तास पुढे चालणार. आता कायमचा. त्यासाठी पठणातला अर्धा तास उस्तादांनी स्वतःचा काढून दिला. त्यांनीच उठून सांगितलं म्हणे, मी तेव्हा पुस्तकं गोळा करत होतो. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात, लवकर घरी जायला मिळेल, एवढाच हिशोब असणार. माझं नाव कुणी घेतलं नाही. मामा म्हणतो, उस्तादांनी घेतलं. मामा काहीही म्हणतो.

मग ती. जिन्याच्या वळणावर. म्हणाली, "मला नोकरी मिळाली. दुसऱ्या शहरात, मोठ्या शाळेत. शनिवारी निघते. तास सुरू केला तेव्हापासून मी कुणीतरी शोधत होते ज्याच्या हातात तो टाकून जाता येईल. आज पोटभर जेवेन बघ." नंतर म्हणाली, "माझा भाऊ आणि तू, दोघंही सारखेच तापट. पण मुलं तापट माणसाला लवकर ओळखतात. त्याला काही लपवता येत नाही."

भाऊ.

मी म्हटलं, "अभिनंदन." त्यापुढे काय बोललो आठवत नाही. बोललो असेन तर वाईटच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गेलो नाही. शर्ट अम्मीच्या अंगावर फेकला. तिनं तो घडी करून कपाटात ठेवला, एक शब्द बोलली नाही. आज पहिल्यांदाच वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

संपला विषय. ज्या कारणासाठी जात होतो ते कारणच गाडीत बसून निघून चाललंय. पुढच्या सोमवारी जाऊन उस्तादांना सांगून टाकतो, दुसरा माणूस बघा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सांगायलाच गेलो होतो. आधी सांगणार आणि लगेच खाली उतरणार.

तर वर्गात उस्ताद गालिच्यावर बसलेले, भोवती मुलं, सगळ्यांचे हात ओले. मुंगीच्या गोष्टीचं पुस्तक उघडं. आमची मुंगी गोष्टीतल्या मुंगीवर हक्क सांगत होती आणि वकील म्हणत होता की नावावरून पान मिळत नसतं. उस्ताद मला म्हणाले, "पानं कशी वाटायची ते मला येत नाही. यांच्या म्हणण्याप्रमाणे तुम्हाला येतं."

मी म्हटलं, "उस्ताद, मला जरा बोलायचं होतं."

"बोला. पण आठवडाभर गोष्टीतली फौज मुंग्यांच्या रस्त्यावर येऊन थांबलीय. पुढचं पान घड्याळाचं, आणि त्याला ताप आहे. दुसऱ्या कुणी वाचायचं तर म्हणतात, नाही, सर वाचतील."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली जाऊन हात धुऊन आलो आणि घड्याळाचं पान वाचलं. ते पान मी स्वतः कधी वाचलंच नव्हतं, हे अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं. एवढ्या मोठ्या फौजेसमोर एक मुंगी उभी राहते आणि आपल्या माणसांना सांगते, घरात शिरा, नाहीतर यांच्या पायांखाली याल, यांना कळणारही नाही. मला वाटलं पुढे मुंगी मरते. पान तिथं संपलं. मी उलटायला बोट घातलं तर सगळा वर्ग किंचाळला, "सर, ते तुमचं नाही!"

मग अजान झाली.

आता हा वकील! त्यानं उद्याचं पहिलं पान पुन्हा स्वतःकडे ठेवलंय, म्हणे त्याचा आवाज मोठा आहे. मी म्हटलं, पाळीपाळीनं. तो म्हणाला, "सर, तुम्ही आजच आलात, नियम माहीत नसतील." मला! जिन्यातून खाली येईस्तोवर वाद घातला त्यानं. घड्याळाच्या घरी जाऊन त्याचं पान झालं असं सांगितलं तर तो अंथरुणातून उठून माझ्यावरच भडकला. एकाशी बोलायची सोय नाही.

उद्या लवकर जायला हवं. तो वकील पोचायच्या आत.